पावसाआधीचे फूल : मराठवाड्याच्या माळावरचा रानकांदा

वसंताच्या प्रारंभी जमीन फोडून वर येणारे कांदाफूल ही कल्पना वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत मुख्यतः युरोपातून आली आणि तिच्या मुळाशी बर्फ आहे. स्नोड्रॉप, क्रोकस, ट्युलिप या वनस्पती हिवाळाभर जमिनीखाली कांद्याच्या किंवा कंदाच्या रूपात राहतात. ट्युलिपसारख्या कांद्यांना तर कित्येक आठवड्यांची थंडी लागल्याशिवाय दांडा नीट उंचावतच नाही. थंडी ओसरताच यांतल्या रानात वाढणाऱ्या जाती, डोक्यावरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्यापूर्वीच, पान, फूल आणि बी ही तिन्ही कामे उरकून घेतात. काश्मीरच्या खोऱ्यात ट्युलिपची बाग उभी राहू शकते, पण दिल्लीच्या रस्त्यांकडेच्या वाफ्यांसाठी थंडीचा संस्कार झालेले कांदे नेदरलँड्सहून मागवावे लागतात, यामागचे कारण हेच आहे. हे चित्र प्रमाण मानून दख्खनच्या पठाराकडे पाहिले तर येथे वसंतात फुलणारी कांदावर्गीय वनस्पतीच नाही असे वाटू लागते. प्रत्यक्षात ती आहे, पुष्कळ आहे, आणि तिच्यापुढचा प्रश्न युरोपातल्या कांद्याच्या नेमका उलटा आहे. तिला गोठण्यापासून बचाव करायचा नसून होरपळण्यापासून करायचा आहे.

उदाहरण म्हणून सास्तूरचा माळ घेऊ. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील हे गाव तेरणेच्या खोऱ्यात, काळ्या कातळाच्या पठारावर वसलेले आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत येऊन जातो. सखल भागातील खोल काळी जमीन ही ओल काही महिने धरून ठेवते, म्हणून तिच्यावर रब्बीची ज्वारी आणि हरभरा उभे राहतात. उंचवट्यावरची बरड, मुरमाड जमीन मात्र दिवाळीनंतर लवकरच कोरडी पडते. पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख हा वसंत, पण या प्रदेशात तो विहिरी तळाला जाण्याचा काळ असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. याच कोरड्या मोसमाच्या सुरुवातीला पळस, पांगारा आणि काटेसावर हे वृक्ष एकही पान अंगावर नसताना फुलतात. खोडात साठवलेल्या पाण्यावर आणि अन्नावर त्यांचा हा फुलोरा चालतो. या माळावरची कांदावर्गीय वनस्पती म्हणजे रानकांदा. तो हेच काम उंच खोडाशिवाय, जमिनीखालच्या साठ्यावर करतो, आणि म्हणून त्याला पळसाच्या पंगतीत बसवून पाहिले तर तो जास्त उलगडतो.

येथे कांदा या शब्दाचा नेमका अर्थ सांगणे आवश्यक आहे, कारण व्यवहारात जमिनीखालच्या कोणत्याही गड्ड्याला कंद म्हटले जाते. सुरणाचा आणि केशराचा गड्डा हा फुगलेल्या खोडाचा भरीव गोळा असतो, बटाटा हे जमिनीखालच्या फांदीचे फुगलेले टोक असते, तर रताळे हे मूळ असते. खरा कांदा यांच्याहून वेगळा आहे. त्यात खोड म्हणजे तळाची एक चपटी चकती एवढेच असते, आणि तिच्यावर एकावर एक बसलेल्या मांसल पापुद्र्यांत सारा साठा असतो. हे पापुद्रे म्हणजे पानांचे बुडखे होत. पान वाळून जाते, त्याचा बुडखा मागे राहतो, आणि त्यांच्या मधोमध पुढील वर्षाचा कोंब सुरक्षित असतो. स्वयंपाकघरातला कांदा उभा चिरला की ही सारी रचना विळीवर दिसते.

रानकांद्याला कोळकांदा आणि जंगली कांदा अशीही नावे आहेत. संस्कृतात त्याला वनपलांडू आणि कोलकंद म्हणतात. कोल म्हणजे रानडुक्कर, त्यावरून रानडुकरांच्या वस्तीतला कंद असा त्याचा अर्थ लागतो. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका असे आहे. जमिनीखालचा त्याचा कांदा पांढरट, अंडाकृती आणि साधारण मुठीएवढा असतो. उन्हाळ्यात त्यातून एकच सरळ, बारीक, काडीसारखा दांडा निघतो, जो अर्ध्या मीटरच्या आसपास, कधी त्याहूनही उंच जातो. शेतकरी कांद्याला आलेल्या अशा दांड्याला डेंगळा म्हणतो, परंतु भाजीच्या कांद्याचा डेंगळा पोकळ असून त्याच्या टोकाला फुलांचा गोल गोंडा येतो, तर रानकांद्याच्या दांड्यावर फुले एकेकटी, लांब देठांवर, दूरदूर आणि खाली मान घालून लागतात. प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना परिदले म्हणतात, कारण येथे पाकळी आणि बाहेरचे हिरवे दल असा भेद उरलेला नसतो. त्यांचा रंग मळकट पांढरा, मध्यशिरेवर हिरवट किंवा तपकिरी झाक असलेला असतो. देखणेपणाच्या स्पर्धेत हे फूल कोणत्याही ट्युलिपपुढे हरेल यात शंका नाही, आणि बागकामाच्या पुस्तकांनी त्याची उपेक्षा केली याचे नवलही नाही. त्याचे महत्त्व वेगळ्या गोष्टीत आहे : हा दांडा उभा असतो तेव्हा झाडाला एकही पान नसते.

फूल आधी आणि पान नंतर या क्रमाला पश्चात्पर्णी पुष्पन असे म्हणता येईल. ते शक्य कसे होते याचे उत्तर भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या रानकांद्याच्या थोरल्या भावंडाने, ड्रिमिया मॅरिटिमाने, फार पूर्वीच दिले आहे. त्याचा कांदा जमिनीतून उपटून कोरड्या जागी ठेवला तरी ऋतू येताच त्याला दांडा फुटतो आणि फुले येतात. ग्रीसमध्ये नववर्षाला तो घरात टांगण्याची प्रथा याच चिवटपणामुळे पडली. याचा अर्थ असा की फुलण्यासाठी त्याला पावसाच्या, किंबहुना मातीच्याही, ओलीची गरज नसते, कारण पाणी आणि अन्न या दोन्ही वस्तू पापुद्र्यांत आधीच जमा असतात. अधिक महत्त्वाची गोष्ट ही की भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तेथला हा कांदा ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, म्हणजे कोरड्या ऋतूच्या शेवटी आणि पावसाच्या उंबरठ्यावर फुलतो, आणि इस्राएलमध्ये तो शरदाच्या आगमनाची खूण मानला जातो. दख्खनचा कांदा मार्च ते मे या काळात फुलतो. महिने वेगळे, तरी पावसाशी असलेले दोघांचे नाते एकच आहे. त्यामुळे रानकांद्याला वसंतपुष्प म्हणण्यापेक्षा पावसाआधीचे फूल म्हणणे अधिक नेमके होईल, कारण वसंत हा त्याच्या बाबतीत केवळ योगायोगाने आलेला शब्द आहे.

पावसाआधीच फुलण्याचा लाभ काय, याची तीन स्पष्टीकरणे देता येतात आणि ती परस्परविरोधी नाहीत. पहिले असे की एप्रिलमध्ये फुललेल्या दांड्याची बोंडे मे महिन्यात पिकतात, तीन भागांत उकलतात आणि त्यांतले काळे, चपटे, कडेने पातळ पापुद्रा असलेले बी पहिल्या सरींच्या सुमारास जमिनीवर पडते. ओल लागताच ते रुजते आणि रोपाला पहिला पावसाळा जवळजवळ पूर्ण मिळतो. हेच झाड जर जुलैत फुलले असते तर त्याचे बी पाऊस सरताना पडले असते, आणि नुकत्याच रुजलेल्या रोपाला कांदा धरण्याइतका अवधी मिळाला नसता. दुसरे असे की पावसाळ्याचे थोडे महिने पूर्णपणे पानांसाठी मोकळे राहतात, म्हणजे कमाई आणि खर्च यांचे हंगाम वेगळे होतात. तिसरे स्पष्टीकरण वाऱ्याचे आहे. वैशाखातल्या माळावर गवत वाळून खुडले गेलेले असते, काडीसारखा दांडा चहूबाजूंनी उघडा असतो, आणि वळवाच्या आधीचे वारे चपट्या बियांना दूरवर नेऊ शकतात. श्रावणात कुसळी आणि पवन्या गवत गुडघाभर झाल्यावर हे शक्य नव्हते. या तिन्हींत पहिले कारण सर्वांत वजनदार मानावे लागते, कारण ते प्रत्यक्ष रोपाच्या जगण्या-मरण्याशी जोडलेले आहे, बाकीची दोन त्याला बळ देतात.

फुलाचे आयुष्य मात्र अगदी अल्प असते. दांड्यावरची फुले खालून वर या क्रमाने उमलत जातात, त्यामुळे एक दांडा बरेच दिवस फुलत राहिल्यासारखा वाटतो, परंतु एकेक फूल दिवस कलल्यावर उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी मिटून जाते. दिवसा जी दिसते ती कळ्यांची आणि मिटलेल्या फुलांची सुकलेली ओळ. चाळीस अंशांच्या उन्हात पाणी भरलेल्या नाजूक पाकळ्या उघड्या ठेवणे हा खर्चिक व्यवहार आहे, आणि रात्री फुलून तो वाचवला जातो असे मानण्यास जागा आहे. भूमध्य समुद्राकाठच्या जातीत परागीभवन म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पोहोचणे हे काम कीटक आणि वारा हे दोघे मिळून करतात असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दाफ्नी आणि डुकास यांच्या अभ्यासात दिसून आले. ती जात दिवसाही उघडी असते, म्हणून तो निष्कर्ष रात्री उमलणाऱ्या आपल्या जातीला जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे.

मृग नक्षत्रानंतर पाने येतात. ती लांब, चपटी, पट्ट्यासारखी असतात आणि पावसाळाभर अन्न तयार करून खाली कांद्यात भरत राहतात. पाऊस सरला आणि मुरूम तापू लागला की ती पिवळी पडून नाहीशी होतात. त्यानंतर चार-पाच महिने जमिनीवर या वनस्पतीचा मागमूस राहत नाही. या काळाला सुप्तावस्था म्हणण्याचा प्रघात आहे, पण शब्द थोडा फसवा आहे, कारण कांद्याच्या आत याच मुदतीत पुढच्या दांड्याची कळी आकार घेत असते. रानकांद्यासारख्या वनस्पतींच्या काही मुळांना आकसून कांद्याला खाली ओढण्याची क्षमता असते. अशा संकोची मुळांमुळे वरच्या थरात रुजलेले रोप वर्षावर्षाने खोल जाते आणि उन्हाच्या झळीपासून दूर राहते. एकूण हिशेब पाहिला तर चैत्रात दिसणारा दांडा हा मागच्या पावसाळ्याच्या, आणि काही प्रमाणात त्याआधीच्याही पावसाळ्यांच्या, शिलकीवर उभा असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मराठवाड्याच्या जमिनीखालील अशा प्रत्येक कांद्याकडे २०१४ आणि २०१५ या दोन अपुऱ्या पावसाळ्यांची तुटपुंजी जमा होती. ज्वारीचे पीक त्याच वर्षाचा पाऊस सांगते, तर रानकांदा गेलेल्या वर्षांचा.

बियांखेरीज रानकांद्याला वाढीचा दुसराही मार्ग आहे. मूळ कांद्याच्या बगलेला लहान कांदे फुटतात आणि त्यांचे गुच्छ होतात. या मार्गाचे महत्त्व गुणसूत्रांच्या अभ्यासातून कळते. गुणसूत्रे म्हणजे पेशीच्या केंद्रकातील आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे. रानकांद्याच्या काही झाडांत ती २०, काहींत ३०, तर काहींत ४० आढळतात, म्हणजे दहाच्या मूळ संचाच्या दोन, तीन किंवा चार प्रती. तीन प्रती असलेल्या झाडांत प्रजननपेशी तयार होताना संच समान वाटले जात नाहीत, म्हणून त्यांना बी नीट धरत नाही, तरीही ती टिकून राहतात ती या बगलेच्या कांद्यांच्या बळावर. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील कांदावर्गीय वनस्पतींचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात ड्रिमियाच्या गुणसूत्रांचे काम मोलाचे आहे. एका नावाखाली किती वेगवेगळे कांदे मोडतात हा प्रश्न त्यातून पुढे आला आहे.

नावाचा इतिहासही याच गोंधळाची साक्ष देतो. विल्यम रॉक्सबर्ग याने ही वनस्पती युरोपातल्या निळ्या वसंतफुलांच्या सिला या प्रजातीत घातली, १८४३ मध्ये कुंठ याने तिला अर्जिनिया इंडिका केले, आणि १९७७ मध्ये जेसप याने ड्रिमियात हलवले. औषधांच्या जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच शब्दकोशांत अजून अर्जिनिया हेच नाव भेटते. कुळही बदलले. नव्या वर्गीकरणात रानकांदा शतावरीच्या कुळात आहे, त्यामुळे घायपात आणि निशिगंध त्याचे सगेसोयरे ठरतात, तर भाजीचा कांदा आणि लसूण नागदवण्यासारख्या लिलीवजा फुलांच्या कुळात गेले आहेत. थोडक्यात, रानकांदा हा कांदा आहे तो केवळ घडणीने, रक्ताने नव्हे.

हा फरक केवळ पुस्तकी नाही, कारण रानकांदा विषारी आहे. त्याच्या कांद्यात बुफाडायेनोलाइड नावाची द्रव्ये असतात. हे नाव भेकाच्या लॅटिन नावावरून पडले, कारण तशीच द्रव्ये भेकाच्या कातडीत सापडतात. ही द्रव्ये डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधाप्रमाणे हृदयाच्या स्नायूवर काम करतात, अगदी थोड्या मात्रेत ठोका जोरकस करतात आणि मात्रा थोडी वाढली तरी तो बिघडवतात. ब्रिटिश काळात भूमध्य समुद्राकाठच्या कांद्याऐवजी खोकल्यावर आणि अंगावरच्या सुजेवर भारतीय रानकांदा वापरात आला तो याच गुणामुळे, आणि आधुनिक वैद्यकाने तो बाजूला ठेवला तोही औषध आणि विष यांतले अंतर फार कमी असल्यामुळे. कच्चा कांदा चिरताना हाताला खाज सुटते, कारण त्याच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. घरगुती उपाय म्हणून तो पोटात घेणे धोक्याचे आहे, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वनस्पतीच्या दृष्टीने मात्र हे विष म्हणजे कुंपण होय. शेळ्या-मेंढ्यांनी वर्षानुवर्षे खुरडलेल्या गायरानात जी थोडी झाडे तग धरतात त्यांत तरवड, रुई आणि रानकांदा असतात, कारण जनावर त्यांना तोंड लावायला नाखूश असते.

रानकांदा फुलून गेल्यानंतर महाराष्ट्रात इतर कांदा-कंदांची रांग सुरू होते, तिचा येथे धावता उल्लेख पुरेसा आहे. कोकणात मे अखेरीस शेवळाचा दांडा पानाआधी वर येतो आणि बाजारात भाजी म्हणून विकला जातो. पहिल्या पावसात काळी मुसळी पिवळी फुले दाखवते, पॅनक्रॅशियमची पांढरी फुले कातळावर उमलतात, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर डिपकाडी कोंकनेन्से ही फक्त त्याच पट्ट्यात आढळणारी सुवासिक जात जून-जुलैत फुलते. पुढे श्रावण-भाद्रपदात कळलावी कुंपणावर चढते. तिच्यात कोल्चिसीन हे विष असते. काश्मीरमध्ये बर्फ वितळता वितळता फुलणारे पिवळे कोल्चिकम तिच्याच कुळातले आणि त्याच विषाचे आहे. एकाच कुळातील दोन कंद, एक थंडीचा शेवट पाहून फुलतो आणि दुसरा ऐन पावसात. बंगल्यांच्या आवारात मे महिन्यात येणारी लाल गोळ्यासारखी फुटबॉल लिली आफ्रिकेची, आणि वळवानंतर फुलणाऱ्या गुलाबी-पांढऱ्या पावसाळी लिली अमेरिकेच्या. लोकांच्या ओळखीची आहेत ती ही परकी फुले, माळावरचे नव्हे, ही खेदाची बाब आहे.

या अनोळखीपणाला अभ्यासाचा भूगोलही कारणीभूत आहे. थिओडोर कुक याचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक दशके महाराष्ट्राच्या वनस्पतींसाठी तोच आधार राहिला, परंतु मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर होता. राजकीय सीमेने वनस्पतींच्या नोंदीतही रेघ ओढली. ही उणीव भरून काढण्याचे काम औरंगाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ वि. ना. नाईक यांनी केले. त्यांचा उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९७९ मध्ये आला, आणि लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा होण्यापूर्वीचा म्हणून त्यात आजचे दोन्ही जिल्हे येतात. मराठवाड्याच्या वनस्पतींवरील त्यांचा विस्तृत ग्रंथ १९९८ चा. असे ग्रंथ कोठे काय उगवते हे सांगतात. कोणत्या वर्षी कोणत्या तारखेला काय फुलले याची नोंद, जिला ऋतुनोंद म्हणता येईल, ही निराळी गोष्ट आहे. इंग्लंडात नॉरफोक परगण्यातील रॉबर्ट मार्शम याने १७३६ पासून स्नोड्रॉपच्या पहिल्या फुलाची तारीख टिपायला सुरुवात केली, त्याच्या वंशजांनी ती परंपरा पुढे चालवली, आणि म्हणून तेथे वसंत किती दिवस अलीकडे सरकला हे आज मोजता येते.

रानकांद्याला खरा धोका चराईचा किंवा दुष्काळाचा नाही. त्या दोन्हींसाठी तो घडलेलाच आहे. ज्याला तो घडलेला नाही तो म्हणजे जमीन उलथणारा फाळ आणि मुरूम उपसणारे यंत्र. बैलाच्या नांगराने बरड जमीन क्वचितच खोल नांगरली जात असे. ट्रॅक्टरने माळ फोडून सोयाबीनखाली आणणे सोपे झाले, आणि धुऱ्याची रुंदी कमी होत गेली. सरकारी वर्गीकरणात गवताळ माळांची गणना बहुधा पडीक जमिनीत होते, त्यामुळे त्यांवर खड्डे खणून झाडे लावणे हेसुद्धा पुण्याचे काम समजले जाते. वास्तविक माळ हा स्वतःच पूर्ण असा अधिवास आहे आणि सावली ही त्याच्या वनस्पतींची गरज नाही. सास्तूरच्या परिसराला या प्रश्नाची एक दुःखद बाजूही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने सास्तूरसह हा सारा पट्टा उद्ध्वस्त केला, आणि पुढे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे पूर्णतः नव्या जागी वसवण्यात आली. माणसांना उघड्यावर ठेवून माळ राखण्याचा प्रश्न तेव्हा उद्भवत नव्हता आणि तसे सुचवणेही अमानुष ठरेल. परंतु नव्या वसाहतींना, रस्त्यांना आणि भरावांना लागलेला मुरूम कोठून तरी आलाच, आणि तो सहसा अशाच उंचवट्यांचा असतो. उकरलेल्या खाणीच्या तळाशी कातळ लागतो, आणि कातळात कांदा रुजत नाही.

शाळेच्या वहीत दरवर्षी एक ओळ, म्हणजे गावचे नाव, पहिला दांडा दिसल्याची तारीख आणि पहिले फूल उमलल्याची तारीख, एवढी लिहिली गेली तरी सास्तूरच्या माळावर मार्शमच्या कामाची सुरुवात होईल. त्यासाठी पाडव्यापासून माळाकडे लक्ष ठेवावे आणि फूल पाहायचे असल्यास दिवस मावळल्यावर जावे, दुपारी गेलेल्याला नुसती काडी दिसेल. कांदा उपटून पाहू नये.